घट उठेपर्यंत माळावर विळा नाही

तक्ता माझ्या हातचा होता. त्यात वज्रेश्वरीच्या अलीकडच्या एका गावाचा माळ शेवटून दुसरा आला होता. का, असं कुणी विचारलं असतं तर मी दोन शब्दांत उत्तर दिलं असतं: चराई जास्त. फॉर्मवर तसं लिहिलेलं होतं, आणि लिहिणारा मीच होतो.

त्याआधी बावीस वर्षं मी वर्तमानपत्रात होतो. आमच्या आवृत्तीचं भिवंडीतलं ऑफिस बंद झालं आणि काही महिने मी घरीच होतो. मग वनस्पतींची पाहणी करणाऱ्या एका छोट्या गटाला नोंदी ठेवायला आणि अहवाल लिहायला माणूस हवा आहे, असं कळलं. गटाच्या प्रमुख बाई वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना सगळे मॅडम म्हणत, मीही म्हणू लागलो. मला झाडांतलं काही कळत नाही हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"झाडांतलं मला कळतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही दिसेल तेवढं लिहा. जे दिसलं नाही, ते लिहू नका."

काम सांगायला सोपं होतं. तालुक्यात अजून शिल्लक असलेले माळ, टेकड्या, तळ्यांचे काठ, खाडीकडेची जमीन आणि देवाच्या नावाने राखलेली रानं पाहायची. कुठे किती जातींच्या वनस्पती आहेत आणि त्यांतल्या किती इतरत्र सापडत नाहीत, हे मोजायचं. त्यावरून तीन गटांची यादी करायची. पहिला गट लगेच राखायचा. दुसरा राखायचा आणि पुन्हा मोजायचा. तिसऱ्यासाठी सध्या काही करण्याची गरज नाही. सगळंच महत्त्वाचं आहे असं लिहिलं की फाइल मिटते, हे मॅडमचं म्हणणं मला पटलं होतं. तिसऱ्या गटाचा अर्थ कचेरीत काय लावला जातो, तेही मला माहीत होतं. आकडे मी इथे देत नाही. ते अहवालात आहेत आणि त्यांची जागा तिथेच आहे.

मोजणी चौकटींनी होते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागा दोरीने आखायची आणि तिच्यात उगवलेलं प्रत्येक रोप मोजायचं. चौकट कुठे पडणार हे संगणक ठरवतो. माणसावर सोडलं तर तो फुलं असतील तिथेच जाऊन बसतो. आधी जाऊन त्या त्या ठिकाणी खुंट्या ठोकून ठेवायच्या, मग आठ-दहा दिवसांनी मोजायला जायचं, अशी आमची पद्धत होती. खुंट्या बांबूच्या, टोकाला तांबडा रंग लावलेल्या. दोरीसाठी मी नारपोलीहून, आमच्या शेजारच्या लूमवाल्याकडून, उरल्यासुरल्या सुताची कोनाच्या आकाराची रिळं आणत असे. सूत पिवळं होतं आणि गवतात लांबून दिसत असे.

या माळाची गोष्ट थोडी निराळी होती. तो गावकीचा, म्हणजे सामाईक गुरचरण. मुख्य रस्त्यापासून आत, एका बाजूला शेतं, दुसऱ्या बाजूला ओढा. वर सपाट कातळ आणि खाली ओढ्यापर्यंत गेलेला उतार. काल्हेरच्या बाजूला नव्या गोदामांसाठी जमीन भरायचं काम चालू होतं आणि भरावाला मुरूम लागत होता. माळाखाली मुरूम होता. तो काढायची परवानगी मागणारा अर्ज एका ठेकेदाराने ग्रामपंचायतीला दिला होता. आमची यादी येईपर्यंत अर्जावर निर्णय घ्यायचा नाही, असं पंचायतीने ठरवलं होतं. म्हणजे माळ तिसऱ्या गटात गेला की खणला जाणार होता.

गावात आमची ओळख होती ती एका जोडप्याशी. काका साठीचे, दोन एकर भातशेती आणि काल्हेरच्या गोदामात दिवसपाळीला वॉचमन. काकू माळावरच्या भाज्या खुडून वज्रेश्वरीच्या बाजारात विकत. खुंट्या ठोकायला आम्ही गेलो त्या दिवशी काकांनी पाणी दिलं, खुंट्या मोजल्या आणि "कदी येनार परत?" एवढंच विचारलं. आम्ही दिवस सांगितला.

त्या ठरल्या दिवशी मॅडम तापाने घरी होत्या. मोजायला दोन विद्यार्थिनी आणि मी, असे तिघेच गेलो. माळावर गवत कमरेपर्यंत आलेलं होतं, पण प्रत्येक खुंटीभोवती ते आखूड होतं, वीतभरसुद्धा नाही. चालायलाही सोपं गेलं. विद्यार्थिनींना ओळखता येतील एवढी थोडीच रोपं चौकटींत मिळाली. त्यांतली एक म्हणाली, "इथे गुरं बसत असतील." मी ते लिहून घेतलं. बातमीच्या जागी जाऊन शेजारच्या माणसाला न विचारता परत यायचं नाही, हे मी कित्येक नव्या वार्ताहरांना शिकवलं होतं. त्या दिवशी काकांचं घर रस्त्यातच होतं. आम्ही त्यांना हात करून पुढे निघून गेलो, कारण पाचची एसटी गाठायची होती.

पितृपक्षात तक्ता तयार झाला. यादी दसऱ्याच्या आत द्यायची होती. वनस्पतींची गावातली नावं बरोबर आहेत का, हे तपासायला मी एका सकाळी एकटाच त्या गावी गेलो. काकांची साप्ताहिक सुट्टी होती. ते ओटीवर विळ्याला धार लावत होते. काकू तांदूळ निवडत होत्या. मी यादी वाचायला लागलो.

काकूंनी पाच-सहा नावं ऐकली. मी थांबलो तशी त्यांनी मान वर केली.

"फुडं?"

"एवढीच आहेत."

"येवडीच?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "कवला न्हाय? आमरी न्हाय? शेवळाचं पान न्हाय? अवो, वरच्या कातळावर सगला कवलाच कवला हाय. पिवली फुलं. तुमाला दिसली न्हाईत?"

"चौकटीत आली नाहीत," मी म्हणालो. "चौकटीबाहेरचं धरत नाही."

"चौकटीत कशी येतील?" काका म्हणाले. त्यांचा आवाज खूश होता. "मी साफ केलं ना समदं!"

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"खुटी न् खुटी साफ केली," ते म्हणाले. "दोन ड्युट्या बुडवल्या. दोरी नीट बसाया नको? तुमी आलात, पोरी आल्या, कुनाच्या पायाला काटा तरी लागला का?"

"साफ म्हणजे काय केलंत?"

"इला मारला." त्यांनी हातातला विळा दाखवला. "बसाया जागा व्हावी म्हनून आजूबाजूला पन मारला, खल्यायेवडा."

त्यांनी तसं का केलं हे समजायला दोन मिनिटं लागली. काही वर्षांपूर्वी रस्त्याच्या कामासाठी गावात जमिनीची मोजणी झाली होती. काकांच्या चुलतभावाने बांधावरची झुडपं काढली नव्हती. मोजणीदाराची साखळी झुडपाला वळसा घालून गेली आणि भावाची जमीन कागदावर कमी भरली. तो भाऊ अजून कचेरीत खेपा घालतो. मोजायला माणसं येणार असतील तर जागा साफ करून ठेवायची, एवढं गावात तेव्हापासून सगळ्यांना कळलेलं होतं. आम्ही खुंट्या ठोकल्या, दिवस सांगितला आणि निघून गेलो. काय मोजणार, ते मात्र सांगितलंच नव्हतं. दोरी आणि खुंट्या पाहून काकांनी जमीन धरली.

"आम्ही गवतच मोजायला आलो होतो, काका."

काकांचा धारेचा दगड हातातच राहिला.

"गवत?" ते म्हणाले. "गवत कोन मोजतं?"

काकूंनी कपाळाला हात लावला. "आता बोला! ज्या भाज्या मी चालीस वरसं जपून खुडल्या, त्या यानं दोन दिसात कापल्या, आन् वर सायबाला विचारतो, काटा लागला का. अवो, इचारायचं तरी!"

"तू होतीस ना घरात? तू का न्हाय बोल्लीस?"

"मला काय ठाव? तुमी बोल्लात बांधावर जातो."

यावर काका पुन्हा विळ्याला धार लावू लागले. त्यांनी उत्तर का टाळलं हे मला नंतर कळलं.

मी तिथूनच मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या माळाची सगळी पानं रद्द करा."

"काकूंना सगळं माहीत आहे. नावं, जागा. त्यांनी सांगितलेलं टिपून घेतलं तर?"

"ते टिपून घ्याच. पण त्याचा तक्ता होत नाही. बाकीच्या जागा मोजून लावल्यात, ही एक ऐकून लावायची का? उद्या ठेकेदाराचा माणूस विचारेल, आणि बरोबरच विचारेल."

"रद्द केलं तर माळ यादीतच नसेल."

"नसेल. नाहीतर पुन्हा मोजायचं. नवीन जागी. गवत उभं आहे ना अजून?"

मी काकूंना विचारलं. गवत उभं होतं, पण किती दिवस राहील याचीच पंचाईत होती. तिथलं गवत दरवर्षी एक व्यापारी मुंबईकडच्या तबेल्यांसाठी नेतो. गावचा जुना नियम असा की, नवरात्राचे घट उठेपर्यंत माळावर कुणी विळा लावायचा नाही. आधी देवीला माळावरच्या फुलांची माळ जाते, मग विळा. या वर्षी पाऊस लवकर थांबला. व्यापाऱ्याने दहा दिवस आधी कापणी मागितली आणि गावाने हो म्हटलं होतं. सर्वपित्री अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ज्या दिवशी घट बसणार त्याच दिवशी, गवत कापणारे यायचे होते. आमच्याकडे मधले पाच दिवस होते. मॅडमना नवीन खुंट्या ठोकून मोजायला सहा-सात दिवस हवे होते, कारण या वेळी त्या स्वतः प्रत्येक चौकटीत बसणार होत्या.

"मग गावाला सांगा, तीन दिस थांबा म्हनून," काकू म्हणाल्या.

काका बोटाने विळ्याची धार तपासत राहिले.

"काय वो?"

"कारन इचारतील."

"मग सांगा कारन."

काकांनी विळा ओटीच्या कडेला ठेवला. "घट बसायच्या आधी माळावर इला मारला म्हनून सांगू? चारचौघात?"

तेव्हा मला उलगडा झाला. काका बांधावर जातो असं सांगून माळावर गेले होते. गावातलं कुणी नसेल अशी भर दुपारची वेळ त्यांनी धरली होती. मोजणी सरकारी आहे, तिला नियम लागत नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. पण कुणाला सांगितलं मात्र नव्हतं. गावात आजवर एकाच माणसाने वेळेआधी विळा लावला होता. तो मेल्यालाही बरीच वर्षं झाली, तरी त्याच्या नातवाला अजून त्यावरून बोलतात, असं काकूंनी सांगितलं.

मी मॅडमना हेही कळवलं. त्यांना देवीच्या नियमात अधिक रस वाटला. "घट उठेपर्यंत विळा नाही?" त्यांनी दोनदा विचारलं. "तोपर्यंत कवल्याचं बी पडून गेलेलं असतं. आमरीचंही. म्हणून तिथे टिकलं असेल. असेल म्हणतेय, लिहू नका अजून."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळात गाव बसलं. पंचवीस-तीस माणसं असतील. त्यांत बायका सात-आठ. मॅडम आणि मी खांबाला टेकून बसलो. मॅडमनी चौकट म्हणजे काय ते पिवळं सूत पसरून दाखवलं आणि तीन दिवस जास्त मागितले. एका म्हाताऱ्याने सरळ प्रश्न केला, "एकदा मोजलं ना? परत कशाला? पयल्यांदा काय झोपला व्हता?"

मी उत्तर द्यायला उठणार होतो. चूक माझी होती, हे सांगायचं मी ठरवून आलो होतो आणि ते खरंही होतं. त्याआधी काका उभे राहिले.

"मी इला मारला," ते म्हणाले. "भादव्याच्या आधी. खुट्यांच्या भोवती. मला वाटलं जमीन मोजाया आलेत."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "तरी म्हनलं, माझ्या म्हशीला तिथं चरायला काय न्हाय ते." हसू फुटलं. पहिल्या म्हाताऱ्याला हसू आलं नाही. तो म्हणाला, "हसताय काय? घटाच्या आधी इला. आता देवी यंदा माळ कशाची घेनार?"

"त्यालाच जोडून सांगते," काकू म्हणाल्या. त्या बायकांच्या बाजूने उभ्या राहिल्या होत्या. "यानं चार खुट्यांपुरता इला मारला तर तुमी येवडं बोलता. आन् गावानं तर सगला माळ घट बसायच्या दिशी कापाया दिलाय. त्याचं काय? यानं दंडाचा नारल द्यायचा तर गावानं किती द्यायचे?"

यावर मात्र बराच वेळ गलका झाला. व्यापाऱ्याला शब्द दिला होता, त्याच्या गाड्या ठरल्या होत्या, पुढच्या वर्षी तो येणार नाही. गलक्यातून तोडगा निघाला तो असा: काकांनी देवीला नारळ द्यायचा आणि पाया पडायचं. कापणाऱ्यांना ठरल्या दिवशी येऊ द्यायचं, पण सुरुवात ओढ्याकडच्या खालच्या उतारावरून करायची. वरच्या सपाटीला घट उठेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. आम्हाला वरची मोजायला पुरेसा वेळ मिळत होता. खालचा उतार मात्र मोजणीच्या आधीच कापला जाणार होता.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "खालचा आधी मोजला तर?" मी हळू विचारलं.

"चार दिवसांत उतार पुरा होत नाही, आणि यादी दसऱ्याच्या आत द्यायची आहे. एकच काहीतरी नीट होईल," त्या म्हणाल्या. "दोन्ही अर्धवट करून काही उपयोग नाही. कवला वर आहे." त्यांनी गावाचा तोडगा मान्य केला.

पुढचे सात दिवस आम्ही वरच्या कातळावर होतो. काकांनी रजा टाकली होती. त्यांचं काम पाणी आणणं आणि गुरं लांब ठेवणं. चौकटीच्या जवळ यायचं झालं तर ते हात पाठीमागे बांधून येत. मॅडम गुडघ्यांवर बसून एकेक रोप बोटाने वेगळं करत आणि शास्त्रीय नाव सांगत. मी लिहीत असे. काकू शेजारी बसून गावातलं नाव सांगत. आमरीची फुलं गळून गेली होती, नुसत्या बियांच्या शेंगा उरल्या होत्या. फूल नसेल आणि खात्री नसेल तिथे मॅडम "ओळख पटली नाही" असं लिहायला लावत. काकूंना ते मान्य नव्हतं.

"मी ओलखते ना तिला. लहानपनापासून खाते."

"तुम्ही ओळखता, मावशी. पण मला कागदावर दाखवता आलं पाहिजे."

"कागद तिला खानार हाय का?"

मॅडम हसल्या, पण खोडलेलं नाव पुन्हा लिहिलं नाही. अशी किती नावं गेली ते माझ्या वहीत आहे. पाचव्या दिवसापासून खालच्या उतारावर विळे चालू झाले. वरून त्यांचा आवाज येत होता. संध्याकाळी गवताच्या गाड्या ओढ्याकडून निघत.

नवीन आकड्यांनी माळाची वरची सपाटी दुसऱ्या गटात आली, पहिल्याच्या अगदी कडेला. ओळख न पटलेली रोपं धरली असती तर ती पहिल्यात गेली असती. मॅडमनी ती धरली नाहीत आणि मीही त्यांना आग्रह केला नाही. शिफारस मी लिहिली: कुंपण घालू नये, गुरं आणि भाजी खुडणं चालू राहावं, घट उठेपर्यंत विळा लावू नये. हा नियम गावाने लेखी करावा. त्याखाली आणखी एक वाक्य लिहावं लागलं. अहवाल माळाचा होता आणि आम्ही माळाचा एकच भाग मोजला होता. ते वाक्य असं: "ओढ्याकडील उताराची माहिती उपलब्ध नाही."

ते लिहिताना मी थांबलो होतो. माहिती उपलब्ध नाही, हे शब्द मी बातम्यांमध्ये शेकडो वेळा वापरले आहेत. वाचणारा त्यांचा अर्थ काही नाही असा लावतो, हे मला ठाऊक होतं. मी मॅडमना दुसरं वाक्य सुचवलं: "उताराची मोजणी करता आली नाही, तिथे महत्त्वाच्या वनस्पती असण्याची शक्यता आहे."

"शक्यता कशावरून?"

"काकू सांगतात."

"तर मग तसं लिहा, काकू सांगतात म्हणून. परिशिष्टात." आम्ही ते परिशिष्टात टाकलं.

अर्जावर ग्रामसभा झाली ती दिवाळीनंतर, पंचायतीच्या समोरच्या पटांगणात. आम्हाला बोलावलं होतं. ठेकेदार स्वतः आला नव्हता, त्याचा माणूस आला होता. स्वच्छ पांढरा शर्ट, हातात आमच्या अहवालाची झेरॉक्स. त्याने ती नीट वाचली होती हे लगेच दिसलं. वरच्या सपाटीबद्दल त्याने वाद घातला नाही. "ते तर राखलंच पाहिजे," तो म्हणाला. मग त्याने पान उलटलं आणि माझं वाक्य मोठ्याने वाचलं.

"ओढ्याकडील उताराची माहिती उपलब्ध नाही. म्हणजे तज्ज्ञ लोकांनाही तिकडे काही सापडलं नाही. आम्हाला तेवढाच उतार हवा आहे."

मी उभा राहिलो आणि म्हणालो की उपलब्ध नाही याचा अर्थ मोजलेलं नाही एवढाच आहे.

"का नाही मोजलं?" त्याने विचारलं.

मी खरं कारण सांगितलं: आमची पहिली मोजणी चुकली, दुसरीला वेळ अपुरा पडला, तोवर उतार कापला गेला. सांगताना ते जसं ऐकू यायला हवं होतं तसं आलं नाही. एक-दोघे हसले.

काकू पुढे आल्या. "मोजलं न्हाय म्हंजी न्हाय, असं कुठं असतं का? माझी चार पोरं कोनी मोजली न्हाईत. पन जेवाया बसतात तवा चारच्या चार बसतात." त्या पांढऱ्या शर्टाकडे वळल्या. "त्या उतारावर रानहलद हाय, करटोली हाय. मी तिथूनच बाजारात नेते. तुमच्या झेराक्शीत न्हाय म्हनून माझ्या टोपलीत न्हाय व्हय?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. परिशिष्टात हे आहे, असं मॅडमनी सांगितलं. त्या माणसाने परिशिष्टाचं पान काढलं, वाचलं आणि नम्रपणे म्हणाला, "इथे लिहिलंय, स्थानिक महिलेच्या सांगण्यावरून."

हात वर करून मतं घेतली. वरच्या सपाटीवर मुरूम काढायचा नाही, यावर जवळजवळ सगळे हात वर गेले. घट उठेपर्यंत विळा नाही, हा नियमही ठरावात लिहून घेतला. कापणीची घाई झाली तर काय, यावर कुणी वाद केला नाही. उताराच्या वेळी हात विभागले गेले. ज्यांची शेतं ओढ्यापलीकडे होती त्यांना ठेकेदार रस्ता करून देणार होता. थोड्या हातांच्या फरकाने उतार मुरमासाठी गेला.

सरपंचांनी ठराव वाचून दाखवला. ग्रामसेवकाने माझ्याकडून अहवालाची प्रत मागून घेतली. ठरावात माझं वाक्य शब्दशः घ्यायचं होतं, म्हणून त्याने ते दोनदा तपासलं. पूर्णविरामसुद्धा बदलला नाही.

परत निघताना काकू उताराच्या बाजूने गेल्या, आम्हीही त्यांच्या मागे. गवत कापलेलं होतं आणि खुंट वाळले होते. काकूंनी एका जागी बसून हाताने माती उकरली आणि रानहळदीचे तीन-चार गड्डे काढले. काकांनी खांद्यावरचा टॉवेल पसरून धरला.

"हे वर लावले तर येतील का?" काकूंनी मॅडमना विचारलं.

"कातळावर माती कमी आहे," मॅडम म्हणाल्या. "काही येतील."

काकू आणखी उकरू लागल्या. थोड्या वेळाने मॅडमही त्यांच्याशेजारी बसल्या आणि काकांनी टॉवेलची दोन टोकं माझ्या हातात दिली.